घर आणि गॅरेजसाठी स्प्लिट एसी : कोणते काम आपले, कोणते तज्ज्ञाचे?

होळी सरली की शहरांतील दुकानांमध्ये वातानुकूलन यंत्रांची खरेदी जोर धरते. यंत्र किती टनांचे, तारे किती, हप्ता किती याची ग्राहक बारकाईने चौकशी करतो. यंत्र दोन खोक्यांतून घरी येते. दुसऱ्या दिवशी दोन कारागीर येतात, भिंतीला भोक पाडतात, नळ्या जोडतात आणि तास-दीड तासात थंड हवा सुरू करून निघून जातात. खरेदीसाठी आठवडाभर घासाघीस करणारा ग्राहक या तासाभराच्या कामाकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. वास्तविक यंत्राचे आयुष्य, विजेचे बिल आणि घरातील माणसांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच वेळात ठरत असतात.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. फ्रिज किंवा खिडकीत बसवायचा एसी कारखान्यातून पूर्ण होऊन येतो. त्यातील गॅसचा मार्ग कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो. स्प्लिट एसी मात्र दोन तुकड्यांत येतो आणि त्यांना जोडणारा गॅसचा मार्ग ग्राहकाच्या भिंतीवर पूर्ण होतो. म्हणजे यंत्र बनवण्याचा शेवटचा टप्पा घरात पार पडतो. हा टप्पा घरमालकाने स्वतः पार पाडावा का, आणि पाडायचा तर कुठपर्यंत, हे समजून घेण्यासाठी प्रथम यंत्राची ओळख करून घ्यावी लागते.

वाहिनीविना वातानुकूलन

आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ माणसांच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात हवेतील दमटपणामुळे कागद आकसत-फुगत असे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. पुढे अमेरिकेत ही यंत्रणा घराघरांत पोहोचली ती मुख्यतः पत्र्याच्या वाहिन्यांमधून. एक मोठे यंत्र हवा थंड करते आणि माळ्यावरून किंवा जमिनीखालून जाणाऱ्या वाहिन्या ती खोल्याखोल्यांत पोहोचवतात.

जपानमधील लहान घरांना ही पद्धत सोयीची नव्हती. १९६१ मध्ये तोशिबा कंपनीने त्या देशातील पहिला स्प्लिट एसी बाजारात आणला. आवाज करणारा कॉम्प्रेसर घराबाहेर आणि हवा थंड करणारा भाग घरात, अशी त्याची विभागणी होती. दोहोंमध्ये हवेची वाहिनी नसते. असतात त्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या, विजेची तार आणि पाणी वाहून नेणारी नळी. आतील कॉइलमध्ये द्रवरूप गॅस खोलीतील उष्णता शोषून वायुरूप होतो. बाहेरील कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि बाहेरील कॉइलमधून ती उष्णता हवेत सोडून पुन्हा द्रवरूप होतो. गॅस हा केवळ उष्णतेचा हमाल आहे. तो जळत नाही, झिजत नाही आणि संपतही नाही. या एका गोष्टीचे विस्मरण झाल्यामुळे पुढे अनेक घोटाळे होतात.

टनाचा हिशेब

एसीच्या संदर्भात ‘टन’ म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी शीतनशक्ती म्हणजे एक टन. आजच्या परिमाणात ती साधारण साडेतीन किलोवॉट भरते. ही शीतनशक्ती आहे, विजेचा खप नव्हे. दीड टनाचे चांगले यंत्र पूर्ण भाराने चालताना दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेते.

शहरातील फ्लॅटमध्ये सव्वाशे चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टन आणि पावणेदोनशे चौरस फुटांपर्यंत दीड टन असा ढोबळ हिशेब केला जातो. तथापि पश्चिमेची मोठी खिडकी, वरच्या मजल्यावरील तापणारा स्लॅब आणि खोलीत वावरणारी माणसे यांमुळे तो बदलतो. यंत्राची क्षमता बाहेरील तापमान ३५ अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेच यंत्र कमी काम देते. उलट मुंबई, रत्नागिरीसारख्या दमट हवेत गरजेपेक्षा फार मोठे यंत्र घेणे चुकीचे ठरते. ते खोली चटकन थंड करून थांबते आणि हवेतील ओल पुरेशी काढत नाही. त्यामुळे गार पण चिकट अशी हवा अनुभवास येते. वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांत हा दोष कमी असला, तरी तो पूर्णतः जात नाही.

गॅरेजचा वेगळा विचार

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील बंगल्यांत गॅरेजचा उपयोग केवळ मोटार ठेवण्यासाठी होत नाही. कुठे शिकवणी चालते, कुठे व्यायामाची साधने मांडलेली असतात, तर कुठे छोटे कार्यालय किंवा कार्यशाळा थाटलेली असते. अशा जागेत एसी बसवण्यापूर्वी जागाच सुधारावी लागते. वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा आणि समोर फटींचे शटर असेल, तर दोन टनांचे यंत्रही अपुरे पडते. पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग, आतून उष्णतारोधक थर व खोटे छत, आणि शटरच्या आत नीट बसणारे दार एवढे केल्यास लहान यंत्रावर काम भागते. उष्णतारोधक थर निवडताना तो आगीला दाद न देणारा आहे ना, याची खात्री करावी. उघडे थर्माकोल सहज पेट घेते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा हवेचा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. आतलीच हवा फिरवून थंड करतो, हे अनेकांना ठाऊक नसते. बंद गॅरेजमध्ये मोटारीचे किंवा जनरेटरचे इंजिन सुरू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग वा वास नसतो आणि एसी तो बाहेर काढत नाही. गारव्यासाठी फटी बुजवलेले गॅरेज या दृष्टीने जुन्या, फटी असलेल्या गॅरेजपेक्षा अधिक घातक ठरू शकते. म्हणून जेथे वाहन उभे राहते तेथे बाहेर हवा फेकणारा पंखा असलाच पाहिजे आणि दार उघडल्याविना इंजिन सुरू करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते. त्यामुळे ठिणगी पडू शकेल असे विजेचे बटण व सॉकेट जमिनीपासून किमान दीड फूट उंच ठेवणे इष्ट होय.

अमेरिकेतील निवासी बांधकामासाठीच्या आदर्श नियमावलीत घरातील खोल्यांना हवा पुरवणारी यंत्रणा गॅरेजला जोडण्यास मनाई आहे, ती याच कारणास्तव. गॅरेजमधील विषारी हवा वाहिन्यांतून झोपायच्या खोलीत येऊ नये, हा त्यामागील हेतू. म्हणूनच तेथे गॅरेजसाठी स्वतंत्र, वाहिनीविना चालणारा स्प्लिट एसी लोकप्रिय झाला. मराठी घरांतही गॅरेज आणि खोली यांना एकच यंत्र वापरण्यासाठी मधल्या भिंतीत झरोका ठेवण्याचा मोह टाळावा.

जागा, भोक आणि छज्जा

आतील भाग जमिनीपासून सात-आठ फूट उंचीवर आणि छतापासून सुमारे सहा इंच खाली असावा, म्हणजे त्याला वरून हवा घेता येते. त्याच्या झोतासमोर पलंगाची उशी किंवा कपाट येऊ नये. भिंतीवरील लोखंडी पट्टी पाणसळ लावून बसवावी. नळ्यांसाठी पाडायचे भोक साधारण अडीच इंच व्यासाचे असते आणि ते बाहेरच्या बाजूस किंचित उतरते हवे. घरात पाणी गळण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून चुकलेल्या उतारात किंवा मध्येच वर चढवलेल्या ड्रेन पाइपात असते. भोक पाडताना तुळई किंवा खांबाला हात लावू नये. जुन्या इमारतींत भार भिंतींवरच असतो, तेथे अभियंत्याचा सल्ला आवश्यक होय.

दीड टनाच्या यंत्राचा बाहेरील भाग पंचवीस ते पस्तीस किलो वजनाचा असतो. खिडकीवरील छज्जा ऊन-पाऊस अडवण्यासाठी असतो. त्यावर यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस असा भार टाकणे धोक्याचे आहे. भक्कम भिंतीवर अँकर फास्टनरने घट्ट केलेले गंजरोधक ब्रॅकेट किंवा गच्ची हा उत्तम पर्याय. मागे काही इंच व पुढे किमान दोन फूट मोकळी जागा हवी. बाहेरील भाग गॅरेजच्या आत किंवा बंद डक्टमध्ये ठेवल्यास तो स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा घेतो आणि बिल वाढते. पुढे दुरुस्तीसाठी माणूस तेथे सुरक्षितपणे पोहोचू शकेल का, हा प्रश्न जागा ठरवतानाच विचारावा. उंचावरील काम कंबरपट्टा व दोर न बांधता कोणी करत असेल तर ते थांबवणे ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत लेखी परवानगी घ्यावी आणि बाहेर ठिबकणारे पाणी शेजाऱ्याच्या खिडकीवर पडणार नाही, याची व्यवस्था करावी.

विजेची बाजू

एसीसाठी मीटरच्या पेटीपासून स्वतंत्र तार हवी. दीड टनाच्या यंत्राला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि १६ अँपिअरचे सॉकेट अशी व्यवस्था सर्वसाधारणपणे केली जाते. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. आतील व बाहेरील भागांमधील तारेला मध्ये जोड नसावा. लोखंडी ब्रॅकेटवर, पावसात भिजणाऱ्या यंत्राला अर्थिंग नसेल तर त्याच्या सांगाड्यात वीज उतरू शकते. म्हणून अर्थिंगची तपासणी आणि ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी या बाबींवर तडजोड करू नये. नवी वायरिंग हे परवानाधारक वायरमनचेच काम आहे. घरातील एकूण भार वाढत असल्यास वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा. गॅरेजमध्ये विजेवरील वाहनाचे चार्जिंग होत असेल तर त्याची आणि एसीची तार वेगवेगळी ठेवावी.

निर्वात करण्याचा टप्पा

सर्वांत नाजूक काम तांब्याच्या नळ्यांचे. एक ते दीड टनाच्या यंत्रात द्रवरूप गॅससाठी सहसा पाव इंचाची आणि परतणाऱ्या वायूसाठी अर्ध्या इंचाची नळी असते. तिचे टोक फुलासारखे पसरवून, म्हणजे फ्लेअर करून, नटाने आवळतात. टोकावर बारीक चर किंवा कचरा राहिला तरी तेथून गळती होते. कमी आवळले तर गॅस सुटतो, जास्त आवळले तर टोकाला चीर जाते. त्यासाठी मोजून आवळणारा टॉर्क पाना वापरणे योग्य. दोन्ही नळ्यांवर स्वतंत्र उष्णतारोधक आवरण हवे.

जोडणी झाल्यावर कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहतात. येथे नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणे प्राणघातक ठरू शकते, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात करायच्या असतात. त्यामागे शास्त्र आहे. दाब खूप उतरवला की पाणी खोलीच्या तापमानालाही उकळते. त्यामुळे नळीत राहिलेली हवा तर निघतेच, पण ओलही वाफ होऊन बाहेर पडते. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो. तो ५०० मायक्रॉनपर्यंत खाली आणणे ही चांगल्या कामाची खूण मानली जाते. पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहिला पाहिजे. तो वर चढत गेला तर कुठेतरी गळती किंवा ओल आहे. खात्री झाल्यावरच बाहेरील भागाचे व्हॉल्व्ह उघडायचे.

घाईच्या दिवसांत नेमका हाच टप्पा वगळला जातो. पंप न लावता यंत्रातीलच थोडा गॅस सोडून नळ्यांतील हवा ढकलून दिली जाते. थंड हवा लगेच येते, त्यामुळे ग्राहकाला काही जाणवत नाही. परंतु नळीत उरलेली ओल तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते आणि ते कॉम्प्रेसर आतून पोखरते. उरलेली हवा दाब वाढवते आणि वीज अधिक लागते. यंत्रातील मोजून भरलेला गॅसही कमी होतो. आज घरगुती यंत्रांत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९०, म्हणजेच प्रोपेन, तर स्वयंपाकाच्या गॅसइतकाच ज्वालाग्राही आहे. अशा यंत्राजवळ बिडी-सिगारेट किंवा पेटती ज्योत नसावी, हे सांगावयास नकोच.

‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हा समजही येथूनच जन्म घेतो. गॅस कमी झाला याचा अर्थ गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. गळती कुठे सापडली आणि ती कशी बंद केली, हे विचारल्याविना गॅस भरू देऊ नये.

अमेरिकेतील ‘स्वतः जोडा’ संच

अमेरिकेत घरमालकाने स्वतः जोडावयाचे स्प्लिट एसी मिळतात. तेथे स्थायिक झालेले आप्तेष्ट आपल्या गॅरेजमध्ये असा एसी स्वतः बसवल्याचे कौतुकाने सांगतात, तेव्हा येथेही तसे करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या संचाचे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. त्याच्या नळ्या कारखान्यातच निर्वात करून, गॅस भरून, दोन्ही टोके बंद करून दिलेल्या असतात. जोड आवळताना आतील पडदा किंवा झडप उघडते. फ्लेअर, नायट्रोजन, पंप यांतील काहीच करावे लागत नाही. त्याची किंमत म्हणजे नळी कापता येत नाही. ती लांब पडली तर गुंडाळी करून ठेवावी लागते. जोड एकदा सोडला तर गॅस जाण्याची भीती असते.

तेथील कायद्यानुसार गॅसचा मार्ग उघडण्याचे काम प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञानेच करावयाचे असते आणि हा नियम १९९४ पासून लागू आहे. स्वतः जोडण्याचे संच निघाले ते या कायद्याच्या चौकटीत राहूनच. विजेच्या जोडणीसाठी अनेक शहरांत स्थानिक परवानाही घ्यावा लागतो, आणि बाहेरील भागाजवळ, नजरेच्या टप्प्यात वीज तोडणारा स्विच असणे बंधनकारक आहे. भारतात सर्रास विकली जाणारी यंत्रे या प्रकारची नसतात. त्यांच्या नळ्या रिकाम्या येतात. चित्रफीत पाहून पान्याने त्या जोडल्या आणि व्हॉल्व्ह उघडला, तर यंत्र चालेल, पण फार काळ नव्हे. शिवाय कंपनीची हमीही गमवावी लागेल.

कामाची वाटणी

मग घरमालकाच्या हाती काय उरते? बरेच काही. खोलीचे मोजमाप, उन्हाची दिशा पाहून टन ठरवणे, फटी बुजवणे, छताला उष्णतारोधक थर देणे, दोन्ही भागांची जागा निश्चित करून नळीची लांबी कमीत कमी ठेवणे, भोक व ड्रेन पाइपचा उतार तपासणे ही कामे घरमालक स्वतः करू शकतो किंवा करवून घेऊ शकतो. जमिनीवर उभे राहून करता येण्याजोगी लोखंडी पट्टी बसवणेही हौशी माणसाला अवघड नाही. वायरिंग वायरमनने, आणि नळ्यांची जोडणी व गॅस प्रशिक्षित तंत्रज्ञाने हाताळावा. उंचावरील काम साधनसामग्रीशिवाय कोणीच करू नये.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी फोनवर एकच प्रश्न विचारावा : व्हॅक्यूम पंप आणणार का? काम सुरू असताना पंप किमान पंधरा-वीस मिनिटे चालला का, दाब मोजला का आणि पंप थांबवल्यावर काटा स्थिर राहिला का, हे पाहावे. शेवटी आतील ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हेही पाहून घ्यावे. यांसाठी कोणतेही तांत्रिक शिक्षण लागत नाही.

नंतरची निगाही घरातच होते. आतील जाळ्या वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी धुवाव्यात. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने बाहेरील कॉइल लवकर गंजते. तेथे गंजरोधक लेप असलेले यंत्र घ्यावे आणि वीज बंद करून कॉइल अधूनमधून साध्या पाण्याने धुवावी. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी सुरू करताच २४ अंशांवर येतील, असा नियम झाला. ते तापमान पंख्यासह बहुतेकांना पुरेसे वाटते.

जोडणीसाठी उत्तम काळ जानेवारी-फेब्रुवारीचा. त्या दिवसांत तंत्रज्ञाच्या वहीत दिवसाला आठ-दहा पत्ते नसतात, आणि पंप लावून वीस मिनिटे थांबण्याची त्याला उसंत असते. मे महिन्यात नवा एसी घेणाऱ्याने एखादा दिवस उकाडा सोसावा, पण हा टप्पा वगळून काम आटोपू देऊ नये.